एकोणतीसचा पाढा

३ जून
व्यायामवाली बाई आज पुन्हा हात हलवत परत गेली. झटका आल्यापासून बायकोचा उजवा हात आणि जीभ, दोघांनी संप पुकारलाय. बाई बजावून गेली – "रोज हात वर करायचा, रोज पाढे म्हणायचे. या पहिल्या महिन्यांत हात-जीभ सुटेल तेवढीच सुटेल, काका!" बायको भिंतीकडे तोंड करून बसली. जन्मभर शाळेत दुसऱ्यांकडून पाढे घोटून घेतले हिनं!

४ जून
थोरल्या लेकीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. उघडाबंब इसम पहाटे किंचाळतोय – शिस्त! जिद्द! बायकोनं डाव्या हातानं फोन पालथा घातला. चला, डावा तरी कामावर आहे.

७ जून
सोफ्याच्या धंद्यात एक शिकलो. गिऱ्हाईक कापड निवडेना, तर त्याच्यासमोर मुद्दाम भलतंच कापड ताणायचं. "अहो, हे काय? तो निळा घ्या!" – आपणहून बोलतं. समजावून जे होत नाही ते चिडवून होतं. मास्तरणीला चिडवायला काय लागतं? चुकीचा पाढा!

८ जून
तिच्यासमोर खुर्ची टाकली. हात वर, हात खाली – एकोणतीस चोक एकशे चौदा! तिनं डोळे वटारले. मी आपला पुढे. तिनं कप आपटला, चहा माझ्या लेंग्यावर. यश!

१२ जून
खांदे भरून आलेत. शिवाय नीट चुकायचं तर आधी बरोबर पाठ पाहिजे! शाळेत एवढं केलं असतं तर सोफे ठोकत बसलो नसतो. शिलाईवाला विचारतो, "मालक, काय पुटपुटताय? जप?" म्हटलं, हो, बायकोचा.

१३ जून
आज दांडी.

१४ जून
उठलो तर ही माझ्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसलेली. बसलो मुकाट्यानं.

२१ जून
"सो... ळा!"
ओठ वाकडा, आकडा सरळ! मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर येऊन म्हटलं, "चौदाच!"

५ जुलै
गाडी अडली. हात खांद्यापर्यंत येतो, धपकन पडतो. बोलणंही एका शब्दापुढे नाही. बाई म्हणते, "काका, तुम्ही सोडू नका. तुम्ही थांबलात की काकू थांबतात." आता संध्याकाळी हिला धरून कोपऱ्यापर्यंत चालवतोही. मला डॉक्टरनं हृदयासाठी चालायला सांगून दोन वर्षं झाली, बूट खोक्यातच होते. आता जिन्यावर धाप लागत नाही. फुकटचा नफा!

११ जुलै
चष्मा विसरला म्हणून दुकानातून परतलो. दार अर्धवट उघडं. आत पाढा चाललेला – सावकाश, पण स्वच्छ, थेट दाहे दोनशे नव्वदपर्यंत. आणि उजवा हात डोक्याच्या वर!
व्यायामवाली बाई म्हणाली, "काकू, आता सांगू या ना काकांना?"
"खुळी का... तू? मी बरी झाले... की ह्यांचे बूट... परत खोक्यात. त्यांचा डॉक्टर काय म्हणाला... ठाऊक आहे ना? चुकू दे... अजून."
तसाच, चष्म्याशिवाय, जिना उतरलो.

१२ जुलै
हात वर. एकोणतीस चोक एकशे चौदा. तिचा हात खांद्यापाशी आला, धपकन पडला. काय नटी आहे! मी आणखी मोठ्यानं चुकलो.