यूपचा गोल

मंगळवार, ६ मे

सही केली नाही. करणारही नाही.

यूप आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हुकमी खेळाडू. काल सरावात त्याचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं. मी इथली फिजिओ; आज माझ्या खोलीत आला तेव्हा खिडकीतला उजेडही त्याला सहन होईना. एका पायावर उभं केलं तर झोकांडी गेली. मी सरळ सांगितलं — शनिवारची फायनल विसर.

मग मार्टेन आला, त्यांचा कोच. दार न वाजवता. "वृंदा, प्रश्न फक्त एका मॅचचा आहे. फिट आहे म्हणून सही कर."

"त्याला ते डोकं म्हातारपणापर्यंत वापरायचंय," मी म्हटलं.

हसला. याला इथे कुणी नाही म्हणतच नाही. याच्या मॅचसाठी परीक्षा पुढे ढकलतात, हॉकीच्या मुलींचं मैदान काढून घेतात!

बुधवार, ७ मे

प्रिन्सिपॉलबाईंनी बोलावलं. "फुटबॉल बघून मुलं आपल्याकडे येतात. जरा समजून घे." समजून घेतलं, आणि नाही म्हटलं. मग अगदी गोड आवाजात — "तुझं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपतंय ना?"

घरी अंबरीशला सांगितलं. वाटलं होतं, दमानं घे म्हणेल. भांडी लावता लावता म्हणाला, "फेल्डहोवनला आलो तेव्हा तू माझी बायको म्हणून डिपेंडंट व्हिसावर होतीस. डच शिकलीस, डिग्री मान्य करून घेतलीस. ते काय मार्टेनला हव्या तिथे सह्या करायला?"

भाजी खारट झाली होती. तरी त्याने दोनदा वाढून घेतली.

शुक्रवार, ९ मे

मार्टेनने बाहेरच्या कुठल्याशा डॉक्टरकडून यूपचं फिट सर्टिफिकेट आणलं. मी यूपला सायकल स्टँडवर गाठलं. खेळू नकोस म्हटलं.

"नाही म्हटलं तर माझी जागा जाईल. मग या कॉलेजात मी कोण?"

सायकल घेऊन घरी आले.

शनिवार, १० मे

जिंकले. शेवटचा गोल यूपचा. मी गेले नव्हते.

सोमवार, १२ मे

कॉलेजभर केक. मार्टेनने स्वतः माझ्या हातात बशी दिली. "बघ, झालं का काही त्याला?"

केक खाल्ला, चांगला होता. खाऊन झाल्यावर सांगितलं — पुढच्या वेळीही सही करणार नाही.

दुपारी प्रिन्सिपॉलबाईंनी कळवलं, कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण उद्या पुन्हा तीच वेळ आली तर हेच करेन.

गुरुवार, १५ मे

यूप आला. दार लावून बसला. मग म्हणाला, "सगळे मला त्या गोलचा व्हिडिओ दाखवतात. वृंदा, मला तो गोल आठवत नाही. ती मॅचच आठवत नाही."

आधी त्याच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरना, फोन लावला. लगेच घेऊन या म्हणाले. निघालो तर तो दारातच थांबला. "नंतर प्रिन्सिपॉलना सांगायचंय. येशील?"

येईन म्हटलं. दार उघडलं तर बाहेर अख्खी टीम उभी. गोलकीपर पुढे आला.

"मलाही मार्चमध्ये डोक्याला लागलेलं असताना असंच खेळवलं होतं. तुला कळू न देता."