साइडकारमधला दगड

अण्णा, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी गुडघ्यांपायी स्कूटरला दोन जादा चाकं लावून घेतली आहेत. वळण आलं की ते सवयीने अंग झुकवतात आणि गाडी आपली सरळच जाते. लोक हसतात. मी गॅलरीत उभी राहून बघते, आणि मला तुम्ही दिसता.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. शिवणाची मशीनं विकत तुम्ही मोटारसायकलवरून पार मुरबाडपर्यंत जायचात. घाटात पडलात आणि डावा पाय वाकेनासा झाला. गाडी पेलणं संपलं. मग गाडीच्या डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतलीत. सगळा जन्म दोन चाकांवर गेलेला, त्यामुळे वळणावर तुम्ही झुकायचात आणि गाडी ढिम्म. ठाकुर्लीला एकदा थेट भातात शिरलात. तिसऱ्या चाकाशी तुमचं भांडणच होतं. डावीकडे वळताना रिकामी साइडकार उचलली जायची, म्हणून सरावाला वजन म्हणून मला बसवायचात. मी अकरा वर्षांची. दर वळणाला ओरडायचे, "अण्णा, सरळ बसा." वडिलांना दटावायची मुभा मला तेवढ्यापुरतीच होती, ती मी पुरेपूर वापरली.

पुढे तुम्ही एकटे जाऊ लागलात. जाताना साइडकारमध्ये मशीन असायचं. ते विकलं गेलं की येताना वजनाला वाटेवरचा मोठा दगड घालून आणायचात. अंगणात दगड उतरला की आई काही न विचारता शिऱ्याला रवा भाजायला घ्यायची. एका पावसाळ्यात मात्र दगड येईचना. तेच मशीन रोज घरी परत. शेवटी आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत हे गेलं नाही, तर गाडी विका आणि दादाच्या दुकानात बसा." मामाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचं म्हणजे तुम्हाला मरण होतं.

दिवाळी तोंडावर आली. आईचा ब्लाउज आणायला मी तुमच्या शिंपी मित्राकडे गेले, तर कोपऱ्यात आपल्या निळ्या गोधडीत गुंडाळलेलं आपलंच मशीन. ते म्हणाले, वडिलांनी ठेवायला दिलंय, नेतील चार दिवसांनी. संध्याकाळी तुम्ही आलात ते दगड घेऊन. आईचा चेहरा उजळला आणि तिने रवा भाजायला घेतला. मी शिरा दोनदा मागून घेतला, नाहीतर तिला संशय आला असता.

दिवाळीनंतर टिटवाळ्याला ते मशीन खरंच विकलंत. शिंप्याचा कोपरा रिकामा दिसला तेव्हा मला कळलं. पण आईच्या लेखी ते आधीच विकलेलं, मग दगड कुठल्या तोंडाने आणणार? त्या संध्याकाळी रिकामी साइडकार सांभाळत, गोगलगाईच्या चालीने आलात. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि सांगायला कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तोंडात टाकलात, कशाचा म्हणून विचारलं नाहीत.

हा कागद घडी करून कपाटात जाईल. आई होती तोवर तिला कळू दिलं नाही, आणि तुम्हालाही कधी म्हटलं नाही. तो गूळ मशीन विकल्याचा होता, अण्णा.