नदी नसलेल्या देशाचं स्थळ

बाबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसले ती काही भांडायला नाही. भांडायची सवय अजून गेलेली नाही, पण आज कारण वेगळं आहे. तुमच्या नातीला कुवेतमध्ये नोकरी लागली, तिथल्या एका दवाखान्यात. काल जेवताना तिनं सांगितलं. मी नुसतं "कुवेत?" एवढंच म्हटलं, तर पोरगी हातातला घास ताटात ठेवून म्हणते, "आई, आजोबांसारखं करू नको हं. त्यांनी पाण्यावरून तुझं वाटोळं केलं, तू माझं करू नको." तुमचे जावई खाली मान घालून वरण ओरपत राहिले. म्हणजे आईचं झालेलं वाटोळं म्हणजे आपणच, हे त्यांनी मुकाट्यानं कबूल केलं. मी मात्र ताट बाजूला सरकवलं. कारण तुमच्यावरचा हा आळ खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे जगात एकट्या मला ठाऊक आहे. तुम्हालासुद्धा मी ते सांगितलं नाही. तुम्ही स्वतःला गुन्हेगार समजतच गेलात.

जरीपटक्यातली आपली सकाळ मला अजून तशीच दिसते. खांद्यावर ती माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन तुम्ही निघालेले. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी आत घालायची, फिरवायची, की पुढच्या तीन गल्ल्यांत बादल्या वाजायला लागायच्या. कॉर्पोरेशनचे चावीवाले म्हणून तुमचा तोरा काय वर्णावा! बायका दारातून ओरडायच्या, "भाऊ, पाच मिनिटं जास्त सोडा ना, पाहुणे आले आहेत." तुम्ही तिथूनच, "पाहुण्याइले सांगा, आंघोळ करून येत जा!" आपलं घर नेमकं लाइनीच्या टोकाला, त्यामुळे आपल्या नळाला करंगळीएवढी धार. आई रोज म्हणायची, "अवो, साऱ्या दुनियेले पाणी देता, घरी काहून नाही?" तुमचं उत्तरही रोजचंच, "टोकाच्या घराले एवढंच येते." आई मग भांडी जोरात आपटायची.

माणूस पाण्यावरून पारखायचा ही रीत तुम्ही तुमच्या बाबांकडून घेतलेली. आत्याला स्थळं यायची तेव्हा आजोबा म्हणे आधी त्या गावची विहीर वाकून पाहायचे आणि मग मुलाचं तोंड. उन्हाळ्यात तळ दिसणारी विहीर असेल तर चहा न पिताच परत. ज्या गावाला पाणी नाही तिथं लेक द्यायची नाही, कारण कोसावरून हंडे वाहायचे ते तिनंच. आजोबांच्या काळात आणि त्यांच्या मुलखात हे बरोबरच होतं. पण तुम्ही हा नियम अख्ख्या देशाला लावलात, बाबा!

मला पाहायला आलेली रामदासपेठेतली ती मंडळी आपल्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं बसलेली. मुलगा कुवेतमध्ये एसी दुरुस्त करायचा. आईनं तर्री-पोहे केलेले, शेजारचे काका मुद्दाम येऊन बसलेले. सगळे वाट पाहत होते की तुम्ही नोकरीचं विचाराल, घरादाराचं विचाराल. तुम्ही घसा खाकरून विचारलंत, "तुमच्या तिकडं पाणी कोठून येते?"

"नळातून," मुलगा म्हणाला.

तुमचा चेहरा असा झाला, जणू त्यानं तुमच्या तोंडावर दार आपटलं. "अन् नळात कोठून येते?"

"समुद्राचं पाणी गोडं करतात काका. कारखाना आहे. चोवीस तास येते."

हे चोवीस तास त्यानं उच्चारलं आणि तिथंच तो संपला. तुमच्या सगळ्या हयातीत चोवीस तास पाणी सोडलेलं तुम्ही कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांची पाठ वळताच तुम्ही म्हणालात, "पोरगा खोटा बोलून राहिला. अन् खरा बोलत असन तं आणखीच वाईट. कारखान्याची लाइट गेली तं पोरगी काय प्यायन? वाळू?"

मग आठवडाभर तुम्ही ड्यूटी संपली की वाचनालयात. तिथला ग्रंथपाल तुम्हाला नकाशांची पुस्तकं काढून देऊन देऊन कंटाळला. रविवारी तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे केलेला तक्ता भिंतीवर लावलात. अरबस्तानाच्या आजूबाजूचे सगळे देश, वरून खाली, पाण्याच्या मानानं. मला समोर बसवलंत आणि कांडीनं दाखवत शिकवायला लागलात. "हे पाह्य बाई, टाकी किती मोठी ते नाही पाहाचं. मांगून दरसाल नवीन किती येते, ते पाहाचं. आपण वापरलं का पुढच्या साली पाऊस-नदीतून पुन्हा भरून येते ना, तेच आपलं पाणी." सगळ्यात वर तुर्कस्तान, कारण नद्या त्याच्याच डोंगरात उगवतात. "इथलं स्थळ असन तं आत्ता हो म्हणतो." इराणही बरा. इराकला दोन मोठ्या नद्या, पण त्याच्यापुढे तुम्ही लाल फुली केली होती. "पाणी आहे, पण चावी वरच्याच्या हातात आहे. टोकाच्या घराचे हाल मले विचार!" ओमानच्या डोंगरात थोडाफार पाऊस. सौदीजवळ जमिनीखाली जुनं पाणी, पण उपसलं की पुन्हा भरत नाही, "साठवलेलं खाऊन राहिले." येमेनला बारमाही नदी नाही. अशी उतरंड उतरत उतरत कांडी तळाला टेकली. कुवेत. त्याच्यापुढे तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं, नुसती रेघ.

नकार द्यायला चिठ्ठी पाठवली असती तर निभावलं असतं. तुम्ही चिठ्ठीबरोबर त्या तक्त्याची नक्कल जोडलीत, "आपणही विचार करावा" म्हणून! दुसऱ्याच दिवशी मुलाचे वडील लालबुंद होऊन आपल्या दारात. "आमचा पोरगा तिथं रोज दोनदा आंघोळ करते, समजलं का!"

"तेच तं म्हणतो ना!" तुम्ही त्यांच्याहून मोठ्यानं. "नदी नाही, नाला नाही, अन् दोनदा आंघोळ! अशा घरात मी पोरगी देऊ?"

सगळी गल्ली गोळा झाली. पाण्याचं सोडून त्या दिवशी कुणी दुसरं बोललं नाही. आणि मग आपल्या नात्यागोत्यात ती गोष्ट कायमची पक्की झाली, की चांगलं परदेशातलं स्थळ बापानं नदीपायी घालवलं, पोरीचं नशीब फुटलं. तुम्हीही हळूहळू त्यावर विश्वास ठेवायला लागलात. मी बी.एड. करते म्हटलं, तुम्ही हो म्हणालात. लुना पाहिजे म्हटलं, ती दारात उभी. हा वर्ध्याचा मास्तर मी स्वतः पसंत केला तेव्हा तुम्ही विहीर तर सोडाच, साधा माठसुद्धा पाहिला नाहीत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सलाइन लावलेला हात माझ्या हातावर ठेवून तुम्ही विचारलंत, "बाई, त्या कुवेतवाल्याचं मी चुकलो का वं?" आणि मी उसासा टाकून म्हटलं, "जाऊ द्या बाबा, आता काय त्याचं." लाज वाटते हे लिहिताना. नुसतं "नाही" म्हणायला काय झालं होतं मला?

काल जेवण झाल्यावर मी मोबाइलवर शोधलं. कुठेतरी तुम्हाला चुकलेलं पकडावं, म्हणजे आपल्याला बरं वाटेल, असा काहीतरी वेडा विचार होता. नाही सापडली चूक. मधले एक-दोन देश वरखाली असतील, पण कुवेत आजही तळालाच. दरसाल नवीन येणारं स्वतःचं पाणी शून्य, असंच लिहिलं आहे. समुद्राचं गोडं केलेलं त्यात धरतच नाहीत. आणि तरी तिथल्या नळाला चोवीस तास पाणी आहे, तो मुलगाही खोटा नव्हता. तुमची नात जाणार. मी तिला हो म्हटलं आहे, फक्त तिकडे आंघोळ एकदाच कर असं सांगितलं. तर तिनं डोळे फिरवले.

आता खरं सांगते. तो मुलगा मला पहिल्या पाच मिनिटांतच नको झाला होता. पोह्यातले शेंगदाणे वेचून त्यानं बशीच्या काठावर रांगेत मांडले आणि पुरता अर्धा तास एकट्यानं आपल्या टेपरेकॉर्डरचं कौतुक सांगितलं. पण नको म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि तुम्ही माझ्यासाठी अख्खा पश्चिम आशिया आडवा घातलात! त्याचे वडील पाय आपटत गेले तेव्हा मी न्हाणीत शिरून कडी लावली आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. बाहेर तुम्हाला ते हुंदके वाटले. दाराला तोंड लावून तुम्ही म्हणालात, "रडू नको वं बाई. मी आत्ता सायकल काढतो, रामदासपेठेत जातो, त्याइचे पाय धरतो. नदी गेली खड्ड्यात." माझं हसू तिथंच गोठलं. तुम्ही खरंच सायकल काढाल, या भीतीनं मी डोळ्यांवर पाणी मारून बाहेर आले आणि म्हटलं, "नको बाबा. तुमचा शब्द खाली पडलेला मला चालायचा नाही." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि रडलात.

हे सगळं आज पोरीला सांगायचं आहे, निदान तुमच्यावरचा आळ तरी जाईल. पण ती विचारणार, मग आजोबांना का नाही सांगितलंस? तिला काय सांगू ते अजून ठरत नाही. तुम्हाला सांगते. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलात, बाबा, आणि ते मला फार आवडायला लागलं होतं.