हिऱ्यातला नायट्रोजन

३ जानेवारी १९८३, वाशी
नव्या वर्षाचा संकल्प : रंगीत हिऱ्यांचा शास्त्रीय अभ्यास. अकरा वर्षं फॅक्टरीच्या लॅबमध्ये कोळसा जाळून राख मोजतोय. बुद्धी गंजत चालली. लायब्ररीतून जाड इंग्रजी पुस्तक आणलं. चित्रं बघून झाली.

८ जानेवारी
बोरॉनमुळे हिरा निळा होतो, किरणोत्सर्गाने हिरवा, नायट्रोजनमुळे पिवळा. मालतीच्या चमकीतला खडा पिवळट आहे. म्हणजे नायट्रोजन! आमच्या घरात, तेही बायकोच्या नाकात.
चमकी सासूबाई शेवंताबाईंची. सानपाड्याची शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली तेव्हा भरपाईतून बाकीच्यांनी मोटारसायकली घेतल्या, शेवंताबाईंनी हा हिरा घेतला. गेल्या दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून मालती चमकी आंघोळीलाही काढत नाही. सराफाने काच गळ्यात मारली असं सगळं सानपाडा म्हणतं. अडाणी लोक.

११ जानेवारी
सुचलं! नायट्रोजन हा वायू. तापवला की उडून जाणार. कोळशातला ओलावा उडतो तसाच. मागे शुभ्र हिरा. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही? पुढचा टप्पा : कॅरमची बोरिक पावडर लावून निळा करणे. मग व्याख्यानं. सूट शिवायला टाकावा.

१४ जानेवारी
मालती नाही म्हणते. आईला तो हळदीचा रंगच आवडायचा म्हणे. विज्ञानात हळद कुठून आली? संक्रांत असून मी तिच्या हातचा तिळगूळ घेतला नाही. अबोला सुरू.

१८ जानेवारी
अबोल्याला यश. रडत का होईना, दिली. लॅबची भट्टी तिचा भाऊ शिवाच सांभाळतो. जमीन गेली त्याबदल्यात लागलेली नोकरी. त्याने चमकी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, भावोजी, आयेची येवरीच खून हाय, सांबालून. आईची खूण म्हणे! घराणंच भावनाप्रधान.

१९ जानेवारी, संध्याकाळ
सकाळी सोन्यातून खडा काढून उघड्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे भट्टीतल्या मुशीत ठेवला. नऊशे डिग्री, दिवसभर. पद्धत कोळशाचीच, हात बसलेला. संध्याकाळी क्रुसिबल रिकामं. भट्टीपाशी शिवाशिवाय कुणी नव्हतं. मी काय ते समजलो.

२१ जानेवारी
मॅनेजरकडे लेखी तक्रार. नातं बाजूला ठेवायला छाती लागते. गेटवर सगळ्या शिफ्टसमोर शिवाचे कपडे उतरवून झडती. काही मिळालं नाही, म्हणजे आधीच लांबवला असणार. कामावरून काढलं. जाताना म्हणाला, मी माजे आयेचा चोरीन काय, भावोजी? मी तक्रारीची प्रत फायलीला लावली. मालतीने तीन वेळा विचारलं, शिवाच का? मी म्हटलं, जेवायला वाढ.

२४ जानेवारी
चीफ केमिस्ट अरविंदसाहेबांना प्रयोग सांगितला. खुर्ची धरून हसले. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, म्हणाले, उघड्या हवेत तापवलात तर जळणारच. माझंच रिपोर्टचं पॅड ओढून लिहिलं : राख शून्य, कोळसा उत्तम. लॅबमध्ये सगळे हसले. मीही हसलो.
शिवाचं मॅनेजरना सांगायला हवं. पण मार्चमध्ये माझं प्रमोशन आहे. एप्रिलमध्ये नक्की.

२५ जानेवारी
मालतीला सगळं नीट समजावलं. काच असती तर वितळून तळाशी राहिली असती. काहीच उरलं नाही, म्हणजे हिरा शंभर टक्के खरा. तुझ्या आईला कुणी फसवलं नव्हतं. हे सिद्ध केलं मी! वाटलं, खूश होईल.
तिने विचारलं, शिवाला सांगितलं का? मी म्हटलं, एप्रिलमध्ये.
नाकाचं भोक बुजू नये म्हणून ती आठवडाभर केरसुणीची काडी घालून होती. ती ओढून काढली आणि खिडकीबाहेर टाकली. बुजू दे, म्हणाली. पिशवी भरून सानपाड्याला निघाली.
रात्रीपर्यंत येईल असा अंदाज होता. साडेनऊ वाजले. शेजारच्या विमलबाईंना कुकरला किती पाणी घालतात ते विचारायला गेलो. त्यांनी दार लावून घेतलं.