इंदुताईंना रोज सांगावं लागतं

प्रिय आपा,

नजमाचाची परवा मस्कतला येतायत, लेकीच्या बाळंतपणासाठी. त्यांच्या बॅगेत चटणीच्या पुड्याखाली हे पत्र ठेवतेय. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या बहिणीने कागदावर काय लिहावं, असं तुला वाटेल. पण मागे तूच म्हणालीस ना, "माहे, तू आजकाल अगदी डॉक्टरसारखी बोलायला लागलीस." तू कौतुकाने म्हणालीस. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

मोशीत बरं चाललंय. आपल्या घरासमोरचं कांद्याचं रान गेलं, तिथे उंच इमारत आलीय, त्यामुळे दुपारनंतर ओट्यावर ऊन येत नाही. गॅरेज सध्या अब्बूंच्या हाताखालचा अफताबच बघतो. अब्बू सकाळी जाऊन खुर्चीत बसतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, आणि जेवायला घरी आले की परत जात नाहीत. माझी इंटर्नशिप निम्म्यावर आलीय.

आज मला तुला इंदुताईंबद्दल सांगायचंय. इंदुताई खऱ्या नाहीत. आमच्या कॉलेजात एक खोली आहे, तिथे डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर दुसरीच खोली उभी राहते. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, आणि हिरव्या साडीतली एक बाई, म्हणजेच इंदुताई. तिच्या नवऱ्याला कंपनीतल्या अपघातानंतर आणलेलं असतं, आणि तो वाचलेला नसतो. ते तिला आपण सांगायचं. पेशंटशी, नातेवाइकांशी बोलायला शिकवायची ही नवी पद्धत. आपण काय बोलतो ते ती ऐकते आणि तसं उत्तर देते. घाईत "एक्सपायर झाले" म्हटलं, तर विचारते, "म्हणजे काय हो?" उभ्याने बोललं तर नुसती मान वर करून बघत राहते. नीट बसून, नाव घेऊन, साध्या शब्दांत सांगितलं आणि मग गप्प राहिलं, तर ती रडते. ती रडली की आपण पास.

आपा, मी हे जीव तोडून शिकले. अम्मी गेली तेव्हा आपल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शेजारणींनी येऊन पलंग भिंतीला उभा केला, सतरंजी अंथरली, आणि तू माझा हात धरलास, तेव्हा मला कळलं. म्हणून मला वाटायचं, हे कुणीतरी नीट शिकलंच पाहिजे. डॉक्टर मिनल मॅडम, ज्या हा विषय घेतात, त्या नव्या मुलांना दाखवायला मलाच उभं करू लागल्या.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. इंदुताई रडतात, पडदा काळा होतो, आणि पुढच्या मुलासाठी खोली पुन्हा उजळते. त्या पुन्हा खुर्चीत बसलेल्या असतात. पदर नीट, डोळे कोरडे, ओठांवर ते अर्धवट हसू. डॉक्टर आले म्हणजे आता काहीतरी चांगलं सांगतील, असं. त्यांचा नवरा पुन्हा जिवंत असतो. आणि दारातून आमच्यातलं कुणीतरी पुन्हा आत येतं. हळूहळू तो चेहरा मला बाहेरही दिसायला लागला. बसमध्ये पुढच्या सीटवर, भाजीवाल्याच्या गाडीशी. कुणी माझ्याकडे बघून उगाच हसलं, की मी नजर वळवत असे. वाटे, हिला अजून सांगायचं राहिलंय.

मग एका दुपारी चाकणहून एका माणसाला आणलं. गणराज नाव, परभणीकडचा, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार, मशीनवर अपघात झालेला. आणला तेव्हाच काही उरलं नव्हतं. त्याची बायको स्वरूपा दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला होती, ती शिफ्टमधून तशीच धावत आली, डोक्यावर केसांची जाळीची टोपी तशीच. आमचे सर दुसऱ्या पेशंटकडे अडकलेले. म्हणाले, "माहेनूर, तुला येतं. तू सांग."

मी तिला खोलीत नेलं. बसवलं, शेजारी बसले. तिला काय माहीत आहे ते विचारलं. "गणराज आता आपल्यात नाहीत, ते वारले," असं स्पष्ट सांगितलं. आणि गप्प राहिले. एकही चूक नव्हती, आपा. फक्त त्या शांततेत माझ्या लक्षात आलं, की मी वाट बघत होते. आता हा पडदा काळा होईल, आणि ही बाई पुन्हा डोळे कोरडे करून बसेल.

ती रडली नाही. टोपी काढून तिने मांडीवर घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी लई चांगलं सांगता. लई जणींना सांगितलंय वाटतं?"

ती पुढे म्हणाली, "गावाकडं त्यांची आई हाय. तिला तुमीच सांगा. मला असं न्हाई येत." तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "हां, बोल गं. जेवलीस का?" माझी सगळी वाक्यं तयार होती. तोंडातून आवाजच फुटला नाही. स्वरूपाने फोन काढून घेतला आणि एकदम ओरडली, "आत्याबाई, गेले वो आपले!" आणि मग दोघी, एक इथे आणि एक तिकडे, एकाच फोनवर रडत राहिल्या. मी शेजारी बसून होते. खोलीतून बाहेर जायचं असतं हे मला सुचलंच नाही.

मिनल मॅडमना मी म्हटलं, आता मला इंदुताईंच्या खोलीत पाठवू नका. त्यांनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "तू तिच्याजवळ बसलीस. ते शिकली नसतीस, तर कदाचित तिला ते स्ट्रेचरजवळ उभ्या उभ्या कळलं असतं." ते खरंच आहे. पण त्याने त्या चेहऱ्याचं माझं भय गेलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात अब्बूंना मी आमच्या हॉस्पिटलात नेलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोकला आहे म्हणाले होते. रिपोर्ट घेऊन मी बाहेर आले, तर ते बाकावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी, आणि ओठांवर तेच अर्धवट हसू. हुबेहूब. माझे पाय दारातच थांबले. मी बसले नाही, नाव घेतलं नाही, काही नाही. त्यांनीच माझ्याकडे बघून ओळखलं, हसू हळूच उतरवलं आणि सरकून मला जागा करून दिली. "बस बेटा," म्हणाले. "तुला सांगावं लागू नये म्हणून मीच म्हणतो. वाईट आहे ना?" मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले.

आपा, अब्बूंना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आणि तो पसरलाय. औषधं सुरू केलीत, पण बरं होण्यासाठी नाहीत, त्रास कमी व्हावा म्हणून आहेत. दिवाळीपर्यंत, फार तर त्याच्या थोडं पुढे, असं सर म्हणतात. फोनवर मी तुला हे फार छान सांगितलं असतं. माझा आवाज हलला नसता, तू रडेपर्यंत मी बरोबर गप्प बसले असते, आणि पडद्यावर तुला तुझी बहीण दिसलीच नसती. त्याचीच मला भीती वाटली. म्हणून हे असं लिहिलंय, आधी भलतंच सांगून, उशीर करून, चुकत. अब्बू तुला बोलावणार नाहीत, तुझ्या नोकरीची काळजी करतात. मी बोलावतेय. मला एकटीला हे जमत नाहीये गं. पत्र वाचून झालं की फोन करू नकोस, सरळ निघून ये.

तुझीच,
माहे