दिवलीबाई जागची हलली नाही

प्रिय जगदीशदादा,

तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच निजली होती, म्हणून "बरी आहे" एवढंच बोलले. बरी नाही ती. डावा हात मोडलाय, डोक्याला टाके आहेत. बोलायला गेलं की रडू फुटतं, म्हणून लिहिते. आपल्या बोलीत लिहायची सवय नाही, शाळेतल्या मराठीतच लिहिते.

दिवाल्याची लहानी पोरगी तापाने गेली. बडव्याने, शाळेतल्या मराठीत भगताने, दाणे मांडून कौल पाहिला आणि आईचं नाव घेतलं. हीच डाकीण, हिनेच पोर खाल्ली. आईने तिला बोरं दिली होती, तेवढं निमित्त पुरलं. भरदुपारी माणसं घरात शिरली. आईला केसांना धरून मोहाच्या झाडाखाली फरफटत नेलं. मला दोघांनी आवळून धरलं. मी चावले तर तोंडावर असा ठोसा बसला की दात पडला. त्यांच्यातल्या वाहरूने आईचे हात दोरीने बांधले. दिवाल्या "कबूल कर" म्हणत काठी हाणत होता आणि सगळा पाडा "डाकीण, डाकीण" ओरडत होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दादा.

तेवढ्यात शेजारची दिवलीबाई गर्दीतून वाट काढत आली आणि आईला खेटून मातीत बसली. म्हणाली, "ही डाकीण नाही. पोरीला ताप होता." लोक हसले. कुणीतरी लाथ घातली. ती सावरून बसली आणि तेच म्हणाली. शिव्या नाहीत, पाया पडणं नाही. "तुलाही जाळू," तरी तेच. काठी कपाळावर आणि डोळ्यावर बसली, रक्त डोळ्यात उतरलं. तेच बोलणं, त्याच आवाजात. हळूहळू ओरडा विरळ झाला. वाहरू तिच्याकडे बघतच राहिला. एकदम म्हणाला, "म्हातारीला यात काय मिळतंय? खोटं असतं तर एवढा मार खाल्ला असता का?" आणि त्याने दोरी सोडली. मग दिवाल्याची बायको, जिची पोर गेली तीच, नवऱ्यासमोर उभी राहिली. "तापच होता. दवाखान्यात नेऊ म्हणत होते मी. तू बडव्याकडे नेलंस." मागून एकेक बाई बोलायला लागली. सगळ्यांच्या मनात तेच होतं रे, प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. दिवाल्याच्या हातून काठी गळली. तो तिथेच बसून गुरासारखा हंबरला.

वाहरूनेच आईला मोटारसायकलवर दवाखान्यात पोचवलं. बडवा पळालाय, पोलीस शोधतायत. दिवलीबाईचा एक डोळा गेला.

आता हे आजच का लिहिलं ते ऐक. डोंगरापलीकडच्या पाड्यात एका विधवेचं नाव निघालंय. उद्या तिथे तिचा निवाडा करायला लोक जमणार आहेत. पोलिसांना कळवलंय, पण तो रस्ता तुला माहीत आहे. गाडी पोचेपर्यंत तिचं काय उरेल? आई सकाळपासून एकच म्हणतेय, "मी त्या बाईजवळ जाऊन बसणार." मी अडवलं, रडले, ऐकत नाही. मग मीही निघालेय, त्या बाईच्या दुसऱ्या बाजूला बसायला. या पत्राचा फोटो तुला पाठवते. परत आलो की फोन करीन. नाही आला तर तू सुरतेहून ये. काठी घेऊन नको येऊ, दादा. आमच्या जागी बसायला ये.

तुझीच,
निशा