साठ पावलं

कोळवण, ता. मुळशी
९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव दयानंद,
आशीर्वाद. तुम्ही दोघं बरी असाल. शेजारची पल्लवी लिहून घेतेय. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तरी शुद्ध करतेच. हे पत्र ऑफिसात कुणाकडून वाचून घेऊ नकोस. घरी, प्रियंकाकडूनच.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या कॉलेजातून एक बाई आणि एक सर आले होते. तुझ्यामाझ्यासारख्या जन्मापासून न दिसणाऱ्यांना नुसत्या हातानं जागा कशी कळते, ते त्यांना तपासायचं होतं. फळीवर लाकडी ठोकळे मांडून मला चाचपायला दिले. मग फळी फिरवली आणि विचारलं, आता कुठला कुठे? माझे सगळे चुकले. सर हळूच म्हणाले, "बायकांना हे जरा कमीच जमतं." बाईंनी मात्र मला विचारलं, "लहानपणी एकट्या कुठवर जायचात?"

मी म्हटलं, ओट्यापर्यंत.

तुला अण्णा बोट धरून खाचरांतून फिरवायचे. बांध, विहिरीचा काठ, आंब्याचं खोड, सगळ्याला हात लावायला लावायचे. पडलास तरी म्हणायचे, "पोरगा हाय, उठंल." मी ओटा उतरले की आई ओरडायची, "गौते, माघारी फिर! तोंड फुटलं तर कोण करून घेईल तुला?" लग्न तसंही झालं नाही. शाळेतही तूच गेलास. तुझ्यावर राग नाही, दया.

आई जागच्या जागी गेली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे.

त्या दुपारी सगळी आळी भात कापायला गेलेली. आई घरामागे वैरण आणायला गेली आणि बांधावरून घसरून खालच्या दगडावर आपटली. "गौते, हिकडं ये गं!" फोन तिच्याच पिशवीत होता. मी हात पुढे करून धावले, ती पेंढ्याच्या गंजीवर धडकले. गंजीला वळसा घातला आणि दिशाच गेली. हाक कधी डावीकडून, कधी पाठीमागून. मी ओरडले, कुणी आलं नाही. शेवटी हाताला लागली ती आपलीच भिंत. मग हाका थांबल्या.

संध्याकाळी कैलासकाका म्हणाले, "आगं, साठ पावलांवर तर व्हती." डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं, लवकर आणायला हवं होतं.

काल पल्लवीबरोबर तिथवर गेले. तो दगड चाचपला. गंज सोडली तर सरळ वाट आहे रे. येताना एकटी आले.

सुट्टीत ये. घरामागचं सगळं मला हाताला धरून दाखव. आईनं किती वेळ हाका मारल्या, तेवढं मात्र विचारू नकोस.

तुझ्याशी तीन महिने खोटं बोललेली,
तुझी आक्का
गौतमी